शेराचा चीक

जत सोडून विजापूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला माळावर सहा एकर शेर लावलेला दिसायचा. शेर म्हणजे तेच कुंपणाचं झाड, पानं नसलेलं, बोटाएवढ्या जाड हिरव्या कांड्यांचं, ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. अशा झाडाला कोणी ठिबकचं पाणी देतं हे पाहून रस्त्याने जाणारे सुरुवातीला हसायचे. २०३६ साल उजाडलं तोवर हसणं बंद झालं होतं, कारण त्या शेराच्या चिकातून मिरजेच्या एका संशोधन केंद्रात एचआयव्हीवरचं नवं औषध तयार होत होतं, आणि ते पेपरात आलं होतं.

चीक काढायच्या कामावर बिरुदेव कोळेकर होता. वय पन्नास, अंगाने सडसडीत, बोलणं कमी. ऊन चढायच्या आत तो डोळ्यांना जाड चष्मा लावायचा, कोपरापर्यंत मोजे चढवायचा आणि एकेक कांडी छाटून पांढरा चीक काचेच्या कुप्यांत धरायचा. हा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होऊ शकतो, कातडीवर पडला तर फोड येतात. भरलेल्या कुप्या बर्फाच्या पेटीतून मिरजेला जायच्या.

त्याची बायको सगुणा गावाजवळच्या डाळिंबाच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादम होती. तिच्या हाताखाली तीस बायका फळांची प्रतवारी करायच्या. नवराबायकोचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात भांडण नव्हतं. सगुणा त्याचा डबा भरायची, आजारी पडला तर औषधपाणी करायची, पण कामापुरतं बोलायची. चोवीस वर्षं ती कामापुरतंच बोलत आली होती.

त्याचं कारण जुनं होतं. लग्न झालं तेव्हा बिरू बोअरच्या गाडीवर होता. वर्षातले आठ महिने कर्नाटकात, आंध्रात जमिनीला भोकं पाडत हिंडायचा. २०१० साली त्यांना मुलगी झाली, कावेरी. बाळंतपण फार अवघड गेलं, सगुणा मरता मरता वाचली. कावेरी वर्षाची होईपर्यंत बरी होती. मग सारखा ताप, सारखे जुलाब, अंगावर मांस म्हणून धरेना. शेवटी एका डॉक्टरने तिघांचंही रक्त तपासायला लावलं. तिघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला. एकोणीस महिन्यांची असताना कावेरी गेली.

रोग कुणी आणला याचा निकाल लावायला गावाला वेळ लागला नाही. मुलूखभर हिंडणारा माणूस तो, आणखी कोण आणणार? बिरूच्या थोरल्या भावाने, सिद्धूआण्णाने, त्याला घराबाहेर काढलं. पुढे त्यांचा म्हातारा बाप वारला तेव्हा खांदा द्यायलाही जवळ येऊ दिलं नाही. बिरू लांब बांधावर उभा राहून पाहत राहिला. या सगळ्यात तो एकदाही 'मी नाही' असं म्हणाला नाही. सगुणाला तेवढी कबुली पुरली. माहेरी जायची सोय नव्हती म्हणून ती त्याच्याबरोबर या दुसऱ्या गावी येऊन राहिली, जिथे रोगाचं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गोळ्यांनी दोघंही जगले, चांगले धडधाकट जगले. पण लेकीला त्याने मारलं, ही गोष्ट तिच्या मनातून एक दिवसही हलली नाही.

संशोधन केंद्राने औषधाच्या चाचणीसाठी माणसं घ्यायला सुरुवात केली तेव्हा तिथल्या डॉ. नौशीन मुजावर दोघांना भेटायला आल्या. चाळिशीतल्या, मिरजेतच वाढलेल्या, बोलायला मोकळ्या बाई. त्यांनी समजावून सांगायला कागदावर एक पेशी काढली.

त्यांचं म्हणणं असं, की रोजची गोळी जाग्या विषाणूला अडवते. त्याला नवी पेशी धरू देत नाही. म्हणून रक्त तपासलं तर विषाणू सापडत नाही आणि माणूस निरोगी राहतो, त्याच्यापासून दुसऱ्यालाही होत नाही. पण काही विषाणू आपल्याच पेशींच्या गुणसूत्रांत शिरून झोपून राहिलेले असतात. ती पेशी बाहेरून अगदी इतर पेशींसारखी दिसते. तिला गोळी ओळखत नाही, शरीरही ओळखत नाही. गोळी थांबवली की महिन्याभरात त्यातला एखादा उठतो आणि पुन्हा सगळं अंग भरून टाकतो. म्हणून गोळी जन्मभर.

"म्हंजे रानातल्या तणावाणी," बिरू म्हणाला. तो सहसा मध्ये बोलत नसे. "वर उगवलेलं औषध मारून जळतंय. पण बी मातीत राहतंय की, ईस-ईस वरसं."

डॉ. नौशीन हसल्या आणि म्हणाल्या की अगदी तसंच. मग त्यांनी त्यालाच विचारलं, असल्या रानात तो काय करेल?

"पेरायच्या आधी पाणी द्यायचं. समदं बी उगवू द्यायचं. आणि मग कुळव घालायचा."

तेच करायचं होतं. शेराच्या चिकात काही द्रव्यं असतात, ती पेशीच्या आतला एक खटका दाबतात आणि झोपलेला विषाणू जागा होतो. चीक तसाच पोटात गेला तर विष आहे, आतडी सोलून काढेल. पण त्यातलं एकच द्रव्य वेगळं करून, त्याच्या रेणूचा जहाल कोपरा छाटून केंद्राने जे बनवलं होतं, त्याला तिथले लोक शेरीन म्हणायचे. शेरीनने विषाणू उठवायचे, गोळी चालू ठेवून त्यांना नवी पेशी धरू द्यायची नाही, आणि मागोमाग प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, सोडून त्या जाग्या झालेल्या पेशी मारायच्या. दर माणसाचा विषाणू थोडा वेगळा, म्हणून प्रतिपिंडं त्याच्या मापाची हवीत. त्यासाठी उठलेल्या प्रत्येक विषाणूची जनुकं यंत्रातून अक्षरन् अक्षर वाचायची.

संमतीपत्र नऊ पानांचं होतं. सातव्या पानावर एक प्रश्न होता. विषाणू वाचताना त्यांची वंशावळ आपोआप कळते, कुठला कुठल्यापासून झाला आणि साधारण कधी. ही माहिती तुम्हाला हवी आहे का? नवराबायको दोघंही चाचणीत असतील तर दोघांची संमती लागेल.

सगुणाने दोनदा वाचलं आणि 'हो' वर खूण केली. चोवीस वर्षं जे तिला माहीत होतं ते कागदावर मिळणार होतं. कशासाठी हवं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित एकदा तरी तो कागद त्याच्यापुढे ठेवायचा होता. तिने पान त्याच्याकडे सरकवलं. बिरूने ते वाचलं, तिने कुठे खूण केली आहे ते पाहिलं, आणि तिच्या खुणेशेजारी आपलीही केली. डॉ. नौशीननी त्याला विचारलं की त्याची खात्री आहे ना. तिला पाहिजे असेल तर असू दे, असं तो म्हणाला.

औषध सुरू व्हायच्या आधीच गावाकडे वेगळंच सुरू झालं. शेराने एड्स बरा होतो एवढंच लोकांच्या कानावर गेलं होतं. बांधावरची कुंपणं रात्रीतून छाटली जाऊ लागली. कुणी चीक ताकातून घेतला, कुणी साखरेवर थेंब टाकून. सगुणाच्या हाताखालची पारूबाई, विधवा, हा रोग लपवून जगणारी, शेडमध्ये आली ती ओठ आणि जीभ फुटलेली. तिने गोळ्या बंद करून आठ दिवस चीक घेतला होता. तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि घशाला नळी घालावी लागली. ती वाचली, पण बोलणं पूर्वीसारखं राहिलं नाही.

त्या दिवशी बिरू घरी आला तो जेवला नाही. बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीचा माइक मागून लोकांना सांगतो म्हणाला. पण मला हा रोग आहे हे बोलल्याशिवाय कुणी ऐकायचं नाही, असंही म्हणाला.

"नाव निघंल. तुझंबी निघंल," तो म्हणाला. "तू नको म्हणलीस तर न्हाई बोलत."

शेडमधल्या बायका, फळाला लावलेले आपले हात, मुकादमी, सगळं सगुणाच्या डोळ्यांपुढून गेलं. मग पारूबाईचं तोंड आलं. तिने एवढंच सांगितलं की काय बोलायचं ते धडपणे बोला, अडखळू नका.

तो अडखळलाच, पण बोलला. भर बाजारात, मिरचीच्या ढिगांमध्ये उभा राहून, चोवीस वर्षं हा रोग अंगात आहे, गोळीवर जगलो आहे, रोज चीक काढतो आहे आणि त्यातला थेंब जिभेला लावायची माझी छाती नाही, असं त्याने सांगितलं. चीक उठवतो, मारत नाही. उठलेल्याला मारायचं औषध वेगळं आहे. गोळी सोडून चीक घ्याल तर झोपलेला साप उठवून दार लावून घेतल्यासारखं होईल. पुढच्या आठवड्यात कुंपणं छाटणं थांबलं. शेडच्या मालकाने सगुणाला बोलावलं. तिला वाटलं, संपलं. तो म्हणाला की दोन बायका काम सोडून गेल्या आहेत, त्यांच्या जागी दोन बघा.

सिद्धूआण्णाचा मात्र फोन आला. चोवीस वर्षांत पहिलाच. त्याच्या नातीचं लग्न ठरत होतं. कोळेकरांचं नाव बिरूने पुन्हा चव्हाट्यावर मांडलं, पोरीला नकार आला तर त्याला जबाबदार तोच असेल, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. सगुणाने ते शेजारी बसून ऐकलं. बिरूने फोन खिशात ठेवला आणि कामाला गेला.

मे महिन्यात दोघं मिरजेला दाखल झाले. शेरीनची सुई पहिल्या दिवशी, मग आठवड्याने. तिसऱ्या दिवसापासून ताप, सांधे धरलेले, तोंडाला चव नाही. विषाणू उठताहेत याची ती खूण होती. डॉ. नौशीन रोज सांगायच्या, आज इतके विषाणू यंत्रातून वाचून झाले, आज तितके. बिरूचा ताप लवकर उतरला. सगुणाचा उतरेना. तो तिच्या खाटेशी स्टूल टाकून बसायचा, कपाळावरची पट्टी बदलायचा. ग्लानीत एकदा तिने डोळे उघडले तर तो तिच्या पायाचे तळवे चोळत होता. तिने पाय मागे घेतला नाही. पुढे पंधरा दिवस प्रतिपिंडं चढवली आणि दोघं घरी आले. आता वाट पाहायची होती.

जूनमध्ये डॉ. नौशीनचा फोन आला. वंशावळीचा अहवाल तयार होता. सगुणाने आधी एकटीने यावं, असं त्यांनी सुचवलं.

केंद्रातल्या छोट्या खोलीत त्यांनी तिला पुन्हा विचारलं, अजून नको म्हणायची मुभा आहे. सगुणा म्हणाली, आले आहे ते ऐकायलाच. तेव्हा त्यांनी पडद्यावर एक झाडासारखी आकृती दाखवली. लाल फांद्या सगुणाच्या विषाणूंच्या, निळ्या बिरूच्या. बुंध्यापासून वर सगळं लाल होतं. वर एका लाल फांदीच्या टोकाला निळ्या काड्यांचा एक झुबका होता.

सगुणा बघत राहिली. तिला कळत होतं, पण ते कळणं आत जात नव्हतं.

"त्यांच्यातला एकेक विषाणू तुमच्या एका फांदीतून आलाय," डॉ. नौशीन हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्यात तो दीड वर्ष आधीपासून होता, सगुणाताई. दोन हजार दहाच्या सुरुवातीपासून. चार-सहा महिने इकडेतिकडे. त्या काळात तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?"

फेब्रुवारीत कावेरी झाली होती. दोन बाटल्या चढवल्या होत्या. सगुणा ते मोठ्याने बोलली की नाही हे तिला नंतर आठवेना. डॉक्टरांनी सांगितलं की तेव्हाही रक्त तपासूनच द्यायचे, पण देणाऱ्याला नुकतीच लागण झालेली असेल तर पहिले काही आठवडे तपासणीत दिसायची नाही. कुणाचं चुकलं असं म्हणता येत नाही. ते रक्त मिळालं नसतं तर त्या रात्रीच ती गेली असती. आणि हा हिशोब शक्यतेचा आहे, पण यंत्राची खात्री शंभरात सत्त्याण्णव आहे.

सगुणाने एकच प्रश्न विचारला. कावेरीला कशातून गेलं असेल?

डॉ. नौशीननी पडदा बंद केला. मग त्यांनी खोटं न बोलता सांगितलं, दुधातून. तुम्हाला माहीत असायचा प्रश्नच नव्हता, असंही त्या म्हणाल्या, आणि आणखी बरंच काही, पण सगुणाच्या कानापर्यंत ते पोचलं नाही. निघताना त्यांनी तिला सावध केलं. हे बाहेर सांगायचं का, कुणाला सांगायचं, ते नीट विचार करून ठरवा. रक्ताचे जुने कागद आता मिळणार नाहीत. लोक बाईविषयी काय बोलतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

सगुणा नऊ दिवस गप्प राहिली. बिरूने काही विचारलं नाही. अहवालात काय असणार हे आपल्याला ठाऊक आहे, असंच तो समजत होता. ती भाकरी वाढत असताना त्याच्याकडे बघायची. हा माणूस स्वतः न केलेल्या गोष्टीसाठी बांधावर उभा राहिला, बापाला खांदा न देता. आणि आपण चोवीस वर्षं त्याच्या ताटात भाकरी वाढली ती कशी वाढली! दुसऱ्या क्षणी वाटायचं, गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे? त्याला ओझ्याची सवय झाली आहे. आपल्याला हे नवं ओझं झेपेल का? शेडमध्ये एखादी बाई बाळाला पदराखाली घेऊन बसली की सगुणा उठून दुसरीकडे जायची.

दहाव्या दिवशी तिने त्याला दुपारीच शेराच्या रानात गाठलं. तो कुप्या धुवत होता. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. झाडाची आकृती, लाल फांद्या, निळा झुबका, बाळंतपणाचं साल. शेवटी म्हणाली, "कावेरीला माझ्या दुधातनं गेलं. तुमच्यामुळं न्हाई."

बिरू हातातली कुपी तशीच धरून बसला. सगुणाला भीती वाटत होती ती वेगळीच. तो म्हणेल, मग तुला कुठून आलं? जगातला कुठलाही पुरुष आधी तेच म्हणाला असता.

"रक्त," तो म्हणाला. "मीच आणलं हुतं. जीप करून गेलो, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन आलो. डायव्हरला म्हणलं, हळू मार, सांडंल." मग कुपी खाली ठेवत, "तू जगलीस ना पर. त्यानंच जगलीस."

सगुणा खाली मातीतच बसली. तिने विचारलं, की मग इतकी वर्षं तुम्ही कधी बोलला का नाहीत? एकदा तरी म्हणायचं, मी काही केलं नाही.

बिरूने मोजे काढले, नीट एकावर एक ठेवले.

"केलं हुतं," तो म्हणाला. "एकदा एका बाईकडं गेलो हुतो. गुलबर्ग्याच्या फुडं गाडी बंद पडली हुती आठ दिवस. म्हणून मला वाटलं, मीच. दुसरं कसं वाटंल?"

रानात वारा पडला होता. सगुणा त्याच्याकडे बघत होती. चोवीस वर्षांचा तो मोठा राग तिच्या आत जिथे होता तिथे आता नव्हता, आणि त्या जागेवर एक लहानसा, टोकदार राग येऊन बसला होता. तो कुठल्याही बायकोला कुठल्याही नवऱ्याचा यावा तसा होता. त्यात लेकीच्या मरणाचा भाग नव्हता. काय करायचं त्याचं, हे तिला कळेना. ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि संध्याकाळी लवकर या म्हणाली.

कावेरीचं ओझं मात्र तिच्यावर उरलं. त्यावर बिरूने काही शहाणपण सांगितलं नाही. कधी ती भिंतीकडे तोंड करून पडायची, तेव्हा तो शेजारी येऊन नुसता बसायचा. एकदा म्हणाला, तुझ्या दुधाशिवाय ती दोन दिवससुद्धा जगली नसती, एकोणीस महिने जगली. सगुणा त्या दिवशी पोटभर रडली. चोवीस वर्षांत त्याच्यासमोर पहिल्यांदा.

ऑगस्टमध्ये दोघांच्या गोळ्या थांबवल्या. दर आठवड्याला रक्त. बिरूच्या रक्तात काही उगवलं नाही, दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी नाही. डॉ. नौशीननी त्याच्या पेशी कोटींनी तपासल्या आणि एके दिवशी, वैद्यकशास्त्राला 'बरा झाला' म्हणायची सवय नसल्यामुळे जपून, ते दोन शब्द वापरले. सगुणाच्या रक्तात मात्र पाचव्या महिन्यात विषाणू दिसला. तिचा तो जुना, फांद्या जास्त, कुठली तरी एक पेशी झोपून राहिली होती. तिला गोळी पुन्हा सुरू करावी लागली. दोन वर्षांनी सुधारलेलं शेरीन येईल, तेव्हा परत प्रयत्न करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळी चालू असेपर्यंत बिरूला तिच्यापासून धोका नाही, हेही दोनदा सांगितलं.

मिरजेहून एसटीने परतताना बिरूच जास्त खचलेला होता. माझ्याऐवजी तुझा रोग जायला पाहिजे होता, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. सगुणा खिडकीतून बाहेर बघत होती. तिचं दुसरंच काही ठरत होतं. हा माणूस आता रोगातून सुटला. दोषातून अजून सुटायचा होता, आणि त्यातून सोडवणं फक्त तिच्या हातात होतं.

सिद्धूआण्णाच्या नातीचं लग्न ठरलं होतं, माघात. त्याआधी एका रविवारी सगुणाने बिरूला मोटरसायकल काढायला लावली. कुठे जायचं ते फाट्यावर आल्यावर सांगितलं. बिरूने गाडी आण्णाच्या घरापासून पन्नास पावलांवर थांबवली. आपल्याला बोलावलेलं नाही, आपण उंबऱ्यात जाणार नाही, असं म्हणून तो तिथेच बसला.

सगुणा एकटी गेली. आण्णा ओसरीवर पत्रिकांवर नावं घालत बसला होता. सत्तरीला आलेला, कान थोडे मंद झालेले. जाऊबाई दारात आली आणि तिला पाहून तशीच उभी राहिली. सगुणाने कुणी बस म्हणायची वाट पाहिली नाही. ती म्हणाली की रोग बिरूने आणला नव्हता. तो तिच्यातून त्याला गेला. तपासणीत सिद्ध झालं आहे, आणि पाहिजे असेल तर मिरजेच्या डॉक्टरीणबाई स्वतः येऊन सांगतील. आता त्याच्या अंगात रोग उरलाही नाही. तिच्या आहे.

आण्णाने चष्मा काढला. मग म्हणाला, "मग तुझ्यात कुटनं आला?"

"कावेरीच्या वेळला रक्त दिलं, त्यातनं."

"रक्तातनं," आण्णा म्हणाला. ज्या स्वरात म्हणाला त्यात सगळं होतं. जाऊबाईने मान फिरवली. "कागद हाय का त्याचा?"

"न्हाई."

"बरं," आण्णा म्हणाला आणि एका कोऱ्या पत्रिकेवर त्याने नाव लिहिलं. "बिरूला लग्नाला पाठव. आमचं चुकलं त्याच्या बाबतीत. त्यानं यावं." पत्रिका त्याने तिच्यापुढे सरकवली. त्यावर श्री. बिरुदेव कोळेकर एवढंच होतं.

सगुणाने ती उचलली. हे असंच होणार हे तिला घरून निघतानाच ठाऊक होतं. तिने पायऱ्या उतरून, रस्ता चालून जाऊन पत्रिका बिरूच्या हातात दिली आणि काय बोलणं झालं ते सगळं सांगितलं, काही न गाळता. तुम्ही जा, असंही सांगितलं. तुमचा भाऊ आहे, इतकी वर्षं वाट बघितली आहे तुम्ही.

बिरूने नाव वाचलं. अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. मग तो गाडीवरून उतरला आणि घराकडे चालू लागला. सगुणाला लांबून एवढंच दिसलं की तो उंबऱ्यात गेला नाही, अंगणात उभा राहून बोलला. हातांनी त्याने काहीतरी दाखवलं, मांडीवर डबा धरल्यासारखं. आण्णा ओसरीवर उठून उभा राहिला. शब्द ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने बिरू परत आला. पत्रिका त्याच्या हातात नव्हती.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"रक्त मी आणलं म्हणून सांगितलं. कागद मीच हाय म्हणलं. आणि म्हणलं, दोघांचं नाव घातलं तर येतो." त्याने किल्ली फिरवली. "पत्रिका ठिवून आलोय. घालायचं असंल तर घालंल."

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना शाळूची कणसं भरली होती. सगुणाने बऱ्याच वर्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, खड्ड्यांमुळे ठेवावाच लागला, आणि फाटा मागे पडला तरी काढला नाही. मग ती पुढे वाकून त्याच्या कानाशी म्हणाली,

"ती गुलबर्ग्याची. दिसायला कशी हुती?"

गाडी जरा हेलकावली. बिरूने ती सावरली.

"आठवत न्हाई."

"खोटं बोलू नका," सगुणा म्हणाली. "घरी गेल्यावर सगळं सांगायचं."

त्याने मान हलवली. पुढे सपाट रस्ता लागला, आणि तिने हात तिथेच राहू दिला.